उपटलेल्या बरबटीचे वर्ष

डोमाजी,

तुमच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. तुमच्याकडे तो मागितला असता, तर तुम्ही दिला असता की नाही याचीही मला खात्री नाही. या शेतीविषयक मासिकाचा मी अनेक वर्षांचा वाचक आहे, लेखक नव्हे. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी प्रथमच छापण्यासाठी लेखणी उचलावी, आणि तीही ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते अशा माणसाला उद्देशून, हे धाडस माझ्या स्वभावात बसणारे नाही. तुमच्या पत्नी अनसूयाबाईंनाही वाचता येत नाही. हे शब्द ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यापर्यंत ते पोचणार नाहीत हे ठाऊक असून मी ते लिहीत आहे. त्याबद्दल तुमची, त्यांची आणि जे कोणी हे वाचतील त्या सर्वांची मी आधीच क्षमा मागतो.

तुम्ही जाऊन आज एकवीस दिवस झाले. मी तेव्हा दिग्रसच्या बाजूला दौऱ्यावर होतो आणि मला चार दिवसांनी कळले. कुठे जन्मलात, किती भावंडे, आजार कोणता, हे मी येथे मांडणार नाही. ते मला पुरते माहीतही नाही. मला माहीत आहे ते तुमचे पाच एकर बरड, त्यातील तीन हंगाम, आणि त्यांपैकी एका हंगामात माझ्या हातून जे घडले ते. ते आठवून आठवून मी थकलो आहे. निदान एकदा ते सलग सांगून टाकावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मारेगावपासून चार कोसांवर, नाल्याच्या पलीकडे, सरकारी पडीताची ती जमीन तुम्हाला पट्ट्याने मिळाली होती. अट एकच होती: सलग तीन वर्षे तीत पीक उभे दिसले पाहिजे. दिसले तर जमीन कायमची तुमच्या नावे. एक वर्ष जरी रिकामे गेले तरी ती सरकारकडे परत. छप्पन साली तुम्ही धम्म स्वीकारलात आणि गावकीची कामे सोडलीत. मेलेले जनावर ओढणार नाही असे सांगितलेत, आणि त्यानंतर गावाने खळ्यावरचा तुमचा वाटा बंद केला. त्यामुळे ते पाच एकर म्हणजे तुम्हाला केवळ शेत नव्हते. तुम्ही सोडून दिलेल्या जगण्याच्या जागी दुसरे काही उभे करण्याची ती एकुलती एक जागा होती. हे मला तेव्हा समजत होते असे मी म्हणणार नाही. मला दिसले ते गोटे, मुरूम आणि हातभर खोलीची तांबूस माती. मी शाळामास्तरकी सोडून अडतिसाव्या वर्षी विकास गटाच्या शेती खात्यात आलेला मनुष्य. वनस्पतिशास्त्राची पुस्तके मला मुखोद्गत होती. वखराला हात लावलेला नव्हता.

पहिल्याच भेटीत तुम्ही मला विचारलेत, "पहिले काय करत होते सायब?" मी सांगितले, शाळेत शिकवीत होतो. "मंग मास्तरच म्हनतो तुमाले. सायब लय येतेत, जातेत. मास्तर मानूस एका गावात टिकते." मी टिकणारा आहे हे तुम्ही कशावरून ठरवलेत, ते तुम्ही कधी सांगितले नाहीत.

त्या पहिल्या वर्षी मी माझ्या पिशवीत फिरकीचा तांब्या ठेवीत असे आणि तुमच्या घरी पाणी पुढे आले की डॉक्टरांनी पथ्य सांगितल्याचे कारण देत असे. मागे मला विषमज्वर झाला होता, हे खरे होते. परंतु ते कारण मी कोठे देत असे आणि कोठे देत नसे, हे तुमच्या लक्षात आल्यावाचून राहिले नाही. एकदा बाजाराच्या दिवशी मी हॉटेलाच्या बाकावर चहा घेत होतो. तुम्ही समोरून जाता जाता थांबलात आणि अतिशय काळजीच्या आवाजात म्हणालात, "मास्तर, पथ्य मोडून राह्यलं ना तुमचं. याच्या बशीतलं पानी कोन्या हिरीचं हाये, इचारलं काय?" एवढे बोलून तुम्ही पुढे निघूनही गेलात. त्यानंतरच्या मंगळवारी मी तुमच्या माठातले पाणी प्यालो. अनसूयाबाईंनी तांब्या दुसऱ्यांदा भरून माझ्यापुढे ठेवला.

त्या बरडावर काय पेरावे याविषयी माझे मत तयार नव्हते, तुमचे होते. बरबटी. शहरात जिला चवळी म्हणतात ती. पाणी कमी पडले तरी ती तग धरते, जमिनीवर पसरून सावली धरते, आणि शेंग नाही आली तरी पाला ढोरांना होतो, असे तुमचे सरळ गणित होते. पहिल्या वर्षी ती बरी आली. मी पाहणीच्या पुस्तकात "पीक समाधानकारक" असे लिहिले. तीनपैकी एक वर्ष पार पडले.

दुसऱ्या वर्षी पेरणीनंतर पावसाने पाठ फिरवली. आजूबाजूच्या वावरांतली जवारी करपली, पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, मान टाकून उभी राहिली. तुमची बरबटी मात्र ठिकठिकाणी हिरवी होती, ठिकठिकाणी पिवळी. मी एक हिरवे झाड उपटले आणि मुळे झटकली. मुळांवर गाठीच गाठी होत्या. बाजरीच्या दाण्याएवढ्या, काही वाटाण्याएवढ्या. प्रशिक्षणाच्या पुस्तकातले मूळगाठीच्या रोगाचे चित्र माझ्या डोळ्यांपुढे उभे राहिले. मातीतल्या सूक्ष्म कृमींमुळे मुळे गाठाळतात, झाड खंगते आणि रोग शेतभर पसरतो, हे मी परीक्षेत उत्तम गुणांनी लिहिले होते. आयुष्यात प्रथमच पुस्तकातली एखादी गोष्ट मला शेतात ओळखू आली होती. त्या ओळखीचा मला आनंद झाला होता, हे कबूल करताना आजही माझी मान खाली जाते.

तुम्ही माझ्या हातातले झाड घेतलेत आणि एक पिवळे झाड उपटून त्याच्या शेजारी धरलेत.

"मास्तर, हे पाहा. गाठीचं झाड हिरवं हाये. ज्याले गाठ नाई, तेच पिवळं पडून राह्यलं. मंग रोग कोनाले झाला?"

"रोगाची सुरुवात असते तेव्हा झाड वरून निरोगी दिसते," मी म्हणालो.

"पुस्तकात लिवलं हाये काय तसं?"

"चित्रासकट आहे."

"चित्र कोन्या झाडाचं हाये?"

"वांग्याचे."

"मंग हे तं बरबटी हाये ना, बाप्पा!"

निंदणाऱ्या बायका हसल्या. त्यांच्या हसण्याने मी अधिकच ताठर झालो. भिडस्त माणसाचा हट्ट हा मोठा वाईट असतो, डोमाजी. तो आवाज चढवीत नाही आणि मागेही फिरत नाही. मी सांगितले की संपूर्ण पीक उपटून बांधावर जाळले पाहिजे, आणि तेही या आठवड्यात. अनसूयाबाई खुरपे टाकून उभ्या राहिल्या. "काहून उपटा? फूल धरून राह्यलं, अन उपटा म्हनता?"

तुम्ही त्यांना हाताने थांबवलेत आणि बांधाकडे बोट करून मला एकच प्रश्न विचारलात. "हा रोग धुरा वलांडून जाते काय?"

"जाऊ शकतो," मी म्हणालो.

तुम्ही बाजूच्या पऱ्हाटीकडे पाहिलेत. ती गावातल्या एका मोठ्या घरची होती. बराच वेळ पाहून तुम्ही म्हणालात, "मंग उपटा."

"अवो, पन..." अनसूयाबाई म्हणाल्या.

"उपटा म्हनतो ना. उद्या त्यायची पऱ्हाटी लाल पडली, तं गाव काय म्हनन? यायच्या वावरातून आलं म्हनन. आधीच आमची सावली त्यायले रोगावानी वाटे. आता वावर बी वाटन."

तुमचे पीक जाण्याची भीती तुम्हाला अडवू शकली नाही. तुमच्या वावराला विटाळ लागण्याच्या भीतीने तुमचा हात चालवला. माझ्या अज्ञानाला तुमच्या गावाच्या जुन्या नजरेची अशी साथ मिळाली. त्या क्षणी मला यातले काही उमगले नाही. मी सायकल नाल्यापलीकडे नेऊन दगडावर बसलो आणि पाहणीच्या पुस्तकात लिहिले: "पीक रोगग्रस्त. जमीन द्विदल पिकास अयोग्य वाटते. शेतकऱ्याने सल्ला तत्काळ मान्य केला." खाली सही केली. पिकाच्या रकान्यात "नाही" असे लिहिले.

त्या एका शब्दाने तुमचे दुसरे वर्ष रिकामे झाले.

पुढच्या हिवाळ्यात मला पुन्हा प्रशिक्षणाला पाठवले. कृषी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत एक वयस्क शिक्षक बरबटीचे मूळ हातात घेऊन सांगत होते. त्यांनी एका गाठीला नख लावले. ती अलगद सुटून त्यांच्या तळहातावर आली. कृमींची गाठ अशी निघत नाही, ते म्हणाले, ती मुळाचाच फुगलेला भाग असते. मूळ तुटते पण गाठ सुटत नाही. मग त्यांनी ती सुटलेली गाठ पात्याने दुभागली. आत ती गुलाबी होती. लहान मुलाच्या हिरड्यांसारखी गुलाबी. यात राहणारे जिवाणू हवेतला नत्र धरून झाडाला देतात, आत रंग जितका लाल तितके काम चांगले चाललेले, आणि कोरडवाहू बरडावर तर या गाठी म्हणजे झाडाचे खत स्वतःच्या घरी तयार होणे होय, असे ते सांगत राहिले. इतर सर्व जण वह्यांत टिपून घेत होते. माझ्या हातातली लेखणी चालत नव्हती. या ओळी मी विद्यार्थी असतानाही वाचल्या होत्या. वाचताना त्या वेगळ्या प्रकरणात होत्या, रोग वेगळ्या प्रकरणात होते, आणि तुमच्या वावरात मी चुकीचे प्रकरण उघडले होते.

परत आलो तो सरळ तुमच्याकडे. चार कोस सायकल मारताना मनात वाक्य जुळवले होते: डोमाजी, माझी चूक झाली. तुम्ही अंगणात दावे वळत बसला होता. मी समोर बसलो आणि माझ्या तोंडून जे निघाले ते असे: "द्विदल पिकांच्या मुळांवरील गाठी हितकारक असतात, असे आढळून आले आहे."

तुमचे हात थांबले. "कोनाले आढळलं?"

"शास्त्रज्ञांना."

"कवा?"

"बरीच वर्षे झाली त्याला."

"मंग इकडं येष्टीनं आलं असन," तुम्ही म्हणालात. "रस्त्यात बंद पडली असन गाडी."

आणि तुम्ही हसलात. मी त्या हसण्याचा आडोसा घेतला. तुम्ही हसलात म्हणजे क्षमा झाली, असे मी सोयीस्करपणे मानले आणि ते जुळवलेले वाक्य तसेच परत घेऊन गेलो. ते अजून माझ्यापाशीच आहे.

त्याच दिवशी अनसूयाबाई मला नाल्याकडे घेऊन गेल्या. पळसांच्या आड चार तास, म्हणजे चार ओळी, बरबटी त्यांनी उपटलीच नव्हती. "तुमी उपटा म्हनलं, यायनं उपटा म्हनलं. मले कोनं इचारलं? मी तिकडं गेलीच नाई," त्या म्हणाल्या. शेंगा त्यांनी केव्हाच तोडून बियाणे राखले होते. तुम्ही मागून येत म्हणालात, "तिकडं बाईचं राज हाये मास्तर, आपला हुकूम चालत नाई." तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, हे तुमच्या चेहऱ्यावर लिहिलेले होते.

तिसऱ्या वर्षी मी जिवाणूंची बाटली मागवली. गुळाच्या पाण्यात कालवून ती बियाण्याला चोळायची असते. ती पांढरकवड्याच्या स्टँडवर दोन दिवस उन्हात पडून राहिली आणि माझ्या हाती आली तेव्हा तिच्यातले जिवंत असे काही उरले असेल याचा भरवसा नव्हता. तुम्ही बाटली कानाशी हलवून पाहिलीत. "यात जीव हाये म्हनता? मंग तापात मेला असन बिचारा." मग तुम्ही त्या चार तासांतली माती टोपल्यांनी उचललीत, ओलसर बियाण्यात कालवलीत आणि पेरलीत. जिथे गाठी चांगल्या धरल्या तिथल्या मातीतच ते जिवाणू असणार, हे तुम्हाला कोणी शिकवले नव्हते. दह्याला विरजण लावावे तसे तुम्ही शेताला विरजण लावलेत. पावसाने त्याही वर्षी हात आखडताच घेतला होता, तरी त्या पिकात पिवळे झाड शोधावे लागत होते.

डवरणीच्या, म्हणजे कोळपणीच्या, दिवसांत मी तुम्हाला गाठीचे सारे शास्त्र समजावून सांगितले. जिवाणू झाडाच्या मुळात शिरतात, झाड त्यांना राहायला जागा आणि खायला साखर देते, ते झाडाला नत्र देतात.

"म्हंजे घरजावई म्हना की," तुम्ही म्हणालात.

"तसे म्हणता येईल."

"नाई, तसं नाई म्हनता येत," अनसूयाबाई म्हणाल्या. "घरजावई काम कवा करते?"

आपला एक वाद मात्र मिटायचा राहून गेला. बरबटी विळ्याने कापावी आणि मुळे जमिनीत कुजू द्यावीत, म्हणजे उरलेला नत्र पुढच्या जवारीला मिळेल, असे मी म्हणत होतो. तुम्ही आणि या भागातले सारे लोक ती मुळासकट उपटतात. मी तीन वेळा समजावले, तिन्ही वेळा तुम्ही ऐकून घेतलेत. चौथ्यांदा तुम्ही मला पाय उचलून टाच दाखवलीत. तीत खुंटाने झालेली जुनी जखम होती. "कापल्यावर खुंट राह्यते, अन बाया अनवानी निंदतेत. तुमचं पुस्तक जोडे घालून चालते, मास्तर." अखेर आपण ठरवले की अर्धे वावर कापायचे, अर्धे उपटायचे, आणि दोन्हींवर जवारी पेरून ती कोठे जास्त काळसर उठते ते पाहायचे. जिंकणारा हरणाऱ्याच्या घरी जाऊन जेवणार होता. तुम्ही माझ्याकडे जेवायला यावे म्हणून मी हरावे असे मला मनातून वाटत होते आणि शास्त्र मात्र जिंकावे असेही वाटत होते. ती जवारी या वर्षी पेरायची होती.

आता जे लिहायचे आहे त्यासाठीच इतका वेळ मी आडवळणे घेत होतो.

तिसरे पीक उभे राहिले आणि कचेरीतून तुम्हाला निरोप आला की मधले वर्ष रिकामे असल्याने पट्टा कायम करता येत नाही. तुम्ही तीन वेळा पायी जाऊन आलात. तिसऱ्या खेपेनंतर तुम्ही माझ्याकडे आलात आणि उभ्या उभ्या म्हणालात, "एक कागद द्या मास्तर. की पीक रोगानं नाई गेलं, सांगन्यावरून गेलं. बस एवढंच."

मी "देतो" म्हणालो.

तो कागद देण्यास मला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागला नसता. मी सहा महिने लावले. कधी मी म्हणालो की मूळ पुस्तक वर गेले आहे. कधी म्हणालो की वरिष्ठांची परवानगी लागेल. ती लागत नव्हती. खरे कारण असे की माझी नेमणूक अजून तात्पुरती होती आणि कायम होण्याचे कागद त्याच सुमारास वर गेले होते. उशिरा सुरुवात केलेल्या माणसाला पुन्हा सुरुवात करण्याचे भय फार असते. मी तुमच्या जमिनीसमोर माझी नोकरी ठेवली आणि दर महिन्याला नोकरीकडे पाहिले. आणि याच काळात मी तुमच्या घरी जात होतो, पाणी पीत होतो, कापावे की उपटावे यावर वाद घालीत होतो.

माघाच्या शेवटी मारेगावच्या बाजारात आपली भेट झाली. तुम्ही वाळला होता. धोतर कमरेला दोन वेढे जास्त घेत होते. मी काही बोलायच्या आधी तुम्हीच म्हणालात, "कागदाचं राहू द्या, मास्तर. तुमची नौकरी नवी हाये. माही जमीन जुनीच हाये, ते कुठं पळून जाते?" मग तुम्ही दोन कांदे माझ्या पिशवीत टाकलेत. ते का टाकलेत हे मी विचारले नाही. म्हणजे तुम्हाला सारे माहीत होते. कधीपासून माहीत होते, डोमाजी? मी जेव्हा परवानगीची गोष्ट सांगत होतो आणि तुम्ही मान हलवीत होता, तेव्हाही माहीत होते काय?

चार दिवस उशिरा मी तुमच्या घरी पोचलो तेव्हा अनसूयाबाई ओसरीवर बियाणे निवडीत होत्या. मला बसायला पोते टाकले. डोळे भरून आले. त्यांनी सुपावरून मान वर केली.

"रडू नोका मास्तर. रडल्यानं वावर राह्यते काय? कचेरीतून मानूस आलता. म्हने, निकाल लागेपरेंत वावरात पाय घालू नोका. पानी यायच्या आत वखरन करू का नको, ते सांगा. अन कागद लिवा."

मी तेथेच, तुमच्या ओसरीवर, गुडघ्यावर वही ठेवून लिहिले. त्यांनी ते वाचून दाखवायला सांगितले. मी वाचले: "दुसऱ्या वर्षीचे पीक रोगाने नष्ट झालेले नसून, माझ्या चुकीच्या सल्ल्यावरून शेतकऱ्याने ते उपटले."

"सल्ला नोका लिवू," त्या म्हणाल्या. "सल्ला असते तं मानूस ऐकते, नाईतं सोडून देते. आमाले सोडता येत होतं काय? तुमी सांगतलं, ते लिवा."

मी खोडून लिहिले: "मी उपटण्यास सांगितले." इतकी शुद्ध दुरुस्ती माझ्या लिखाणात यापूर्वी कोणी केली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी तो कागद घेऊन कचेरीत गेलो. तेथील साहेब सज्जन गृहस्थ आहेत. त्यांनी तो दोनदा वाचला. "तुम्ही हे लिहून देता आहात याचा तुमच्या नोकरीवर परिणाम होऊ शकतो," ते म्हणाले. मी होय म्हणालो. त्यांनी नियमाचे पुस्तक माझ्याकडे वळवले. त्यात लिहिले आहे की सलग तीन वर्षे पीक उभे असले पाहिजे. ते उभे नसले तर का नव्हते, कोणाच्या शब्दाने नव्हते, यासाठी तेथे जागा नाही. "पाहणीच्या वेळी पीक नव्हते, हे तर खरे ना?" त्यांनी विचारले. मी सांगितले की पाहणीला मी गेलो तेव्हा पीक होते. मी तेथून निघालो त्यानंतर ते राहिले नाही. त्यांनी नियमाचे पुस्तक मिटले. मग म्हणाले की मृताच्या विधवेचा अर्ज आणि माझा कागद दोन्ही ते वर पाठवतील, निकाल पेरणीपूर्वी येईल, आणि तो कोणत्या बाजूने येईल हे ते सांगू शकत नाहीत.

कागद दिल्यावर हलके वाटेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. तुम्ही असताना दिला असता तर तो कागद होता. आता ती केवळ कबुली आहे. तरीही, तुमच्या घरात मला पाणी मिळाले, माझ्या पुस्तकाला तुम्ही हसलात पण मला हाकलले नाहीत, आणि गाठीत जीव असतो हे मला तुम्ही माझ्या शिक्षकांआधी दोन झाडे शेजारी धरून दाखवलेत, याचे उपकार मी विसरलेलो नाही. जे तुमच्यासमोर म्हणायचे होते ते आता म्हणतो: डोमाजी, माझी चूक झाली.

यापुढचे तुम्हाला विचारून उपयोग नाही. म्हणून, वाचकहो, ते तुम्हाला विचारतो. तुम्हीही शेतकरी आहात. पीक उभे करायला काय लागते हे तुम्हाला माझ्याहून अधिक कळते. एका माणसाने ते वर्ष पेरले, निंदले, अवर्षणात जगवले, आणि सरकारी माणसाच्या तोंडच्या शब्दावर फुलोऱ्यात असताना स्वतःच्या हाताने उपटले. त्याच्या तीन वर्षांत ते वर्ष तुम्ही धराल, की नाही?